मम्मी राणीचा देश

चि. शर्मिष्ठा,

सौ. काहून लिहू, फारकत झाली ना आता. हे पत्र मी डाकेत टाकणार नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. तुझी गंधाली भारी हुशार निघाली! तिनं कागदावर एक अख्खा खंड काढला. डोंगर, नद्या, राजेराण्यांचा इतिहास, सारं हिंदीत. तिथला जादूगार जमिनी सरकवते म्हणे. उत्तरेला ‘मम्मी रानी का देश’.

नकाशा तुले पुण्याला पाठव म्हणाली. मी म्हटलं, हव, पाठवला. पापडाच्या डब्यात खाली अंथरला, कागद मस्त जाड आहे.

रोज विचारे, "आजी, मम्मी का जवाब आया?"

"नाही वं. राणीनंच जादूगाराले सांगून मधात समुद्र आणला असंल."

पोट्टी दोन दिवस धड जेवली नाही. तुझा फोन आला की मी कट करून टाकते, माझ्या सुशीलले ठाऊक नाही.

काल तिनं नवा नकाशा काढला. तुझ्या देशावर निळा रंग. रंग मीच सदर बाजारातून आणून दिले होते. विचारलं, "राणी कुठं गेली वं?"

"कोई रानी थी ही नहीं, आजी."

इतका आनंद झाला मले! लगेच तिच्या हातावर लाडू ठेवला.

गंधालीची आजी,
सरोजिनी