आधी विहीणबाईंचे आभार

चि. भाऊस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझी तब्येत माझ्या वयाला शोभेल इतपत बरी. काळजी करावी असा या घरात एकच माणूस, तुझा भाचा. साखर वाढलेली, पोटाचं शर्टाच्या बटणांशी भांडण, आणि ऑफिसचं टेन्शन पार जेवणाच्या ताटापर्यंत. (फोन ताटाच्या उजवीकडे, पाणी डावीकडे.) मीटिंगमध्ये घेरी आली, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि ऑफिसने एक समुपदेशक बाई नेमल्या.

या बाई दर बुधवारी साखरवाल्या मंडळींना गोल बसवतात आणि आपल्यात काय चांगलं आहे ते बोलायला लावतात. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आमच्याकडून चुका वदवून घेत, आणि आम्हाला कुणाला साखर झाली नाही. (निवृत्तीनंतरची धरत नाहीत.) रोज जेवताना हा दिवसातल्या चांगल्या गोष्टी सांगू लागला, तेही मी ऐकून घेतलं. पहिल्या दिवशी एकच सापडली, लिफ्ट चालू होती. मी म्हटलं, जिना चढला असतास तर ती चांगली गोष्ट झाली असती.

पण गेल्या रविवारी कहर झाला. बाईंचा गृहपाठ होता, ज्यांचे आभार मानायचे राहिले त्यांच्यासमोर बसून माना. मी चष्मा पुसून, केस सारखे करून खुर्चीत बसले. हा उठला आणि थेट विहीणबाईंसमोर जाऊन बसला. (त्या मागच्याच गल्लीत राहतात, चहाला आल्या होत्या.) म्हणाला, आजार कळल्यापासून तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला आलात, आणि साखर किती आली हे एकदाही विचारलं नाहीत. विहीणबाईंनी डोळे पुसले, सूनबाईंनीही. मी कप उचलले, जरा आवाज करूनच. मी रोज विचारते, भाऊ. आईने नाही विचारायचं तर कुणी?

खरं सांगायचं तर साखर उतरली आहे, झोप लागते, आणि परवा दाढी करताना शीळ घालत होता. घरात बरं वाटतं. माझी तक्रार केवळ तत्त्वाची आहे.

तुझी,
ताई

ता. क. तू त्याचा मामा. आभार मानायचं आणखी कुणी राहिलंय का, सहज विचार. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. २. विचारू नकोस. न राहवून मीच विचारलं. म्हणाला, "आई, पहिलं नाव तुझंच होतं. दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा तू मध्येच म्हणालीस, आज किती आली?"

येत्या रविवारी तो पुन्हा बसणार आहे, या वेळी माझ्यासमोर. तू ये, माझ्या शेजारी बस, आणि मी तोंड उघडलं की चिमटा काढ. जोरात काढ.