पाणी पिण्याचे वीस सेकंद

शुक्रवार, ७ मार्च

आम्ही बनवत असलेल्या व्हिडिओ गेममधला कथेशिवायचा, नुसतं लढत टिकून राहायचा सर्व्हायव्हल मोड कोणालाच नको होता, म्हणून माझ्या गळ्यात पडला. शत्रूंची एक लाट संपली की नायिका वीस सेकंद थांबून पाणी पिते, हे मी हट्टाने ठेवलं. शाळेत खो-खोच्या दोन डावांमध्ये पाणी प्यायल्याशिवाय बाई आम्हाला मैदानात उतरू देत नसत. आमचा टीम लीड निखिल म्हणाला होता, “काढ गं ते पाणी, वेग मरतो.” नाही काढलं. चुकतेय का मी, असं रोज वाटायचं मात्र.

आज अंधेरीच्या ऑफिसात सगळे कथा सोडून माझाच मोड खेळत बसले. एकोणिसाव्या लाटेनंतर कोणीतरी खेळणाऱ्या निखिलच्या खांद्यावरून पुढची लाट लगेच आणायचं बटण दाबायला गेलं.

“थांब रे, पाणी पिऊ दे तिला,” निखिल म्हणाला, आणि त्याने स्वतःचीही बाटली उघडली.