वीणा खाली ठेवता येत नाही, याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी साहेब,
कला, विज्ञान, तंत्रज्ञान व अध्यात्म संगम कक्ष,
अहिल्यानगर.

अर्जदार : बन्सी कारभारी धनवटे, रा. पुणतांबा, ता. राहाता (हल्ली मुक्काम आपल्याच कार्यालयाचा व्हरांडा)
अर्ज लिहिणार : गिदोन साळवे, रा. भिंगार (अर्जदाराचे हात मोकळे नसल्याने)

विषय : सुनावणीपुरता वीणा धरायला एक माणूस मिळणेबाबत.
संदर्भ : आपली आजची नोटीस, "उपकरण बाहेर बाकावर ठेवून दोघांनी समक्ष हजर राहावे."

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हे शेतकरी असून गावच्या सप्त्यातले वीणेकरी आहेत. रीत साहेबांना ठाऊक असेलच, तरी नोंदीसाठी लिहिले आहे. सप्ता बसला की वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहारा बदलतो, पण काल्यापर्यंत ती कुठेही टेकत नाही. अर्जदाराच्या आई कडूबाई यांनी उभ्या हयातीत एक सप्ता चुकवला नाही. आता त्या अंथरुणाला खिळल्या आहेत आणि कानही पार गेले आहेत. गेल्या साली भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी सप्ता बसलाच न्हाई रं बन्सी."

२. हे बोलणे अर्जदाराच्या काळजात रुतले. त्यांनी जुना दोस्त गिदोन याला गाठले. गिदोन चर्चमध्ये भजनाला पेटी वाजवतो आणि पोटासाठी रेडिओ, मिक्सर, जे येईल ते दुरुस्त करतो. दोघांनी वीणेच्या दांडीवर तांब्याची पट्टी बसवली. माणसाचा हात पट्टीवर आहे तोवर मोबाईलच्या रेंजवरून कडूबाईंच्या उशाशी दिवा लागलेला राहतो, आणि तार छेडली की उजेड थरथरतो. दिव्याचे कवच अर्जदाराने भोपळ्याचे कोरले, त्यावर गोदावरीचा घाट काढला. यंदा सप्ता बसला तशी म्हातारी त्या उजेडाकडे बघत राहिली आणि हळूहळू टाळी धरू लागली. सूनबाई ज्ञानेश्वरी पदर तोंडाला लावून रडल्या. येथवर कोणाचे काही बिघडले नव्हते.

३. पुढे कोणा भल्या माणसाने वीणेत मशीन बसवल्याची तक्रार केली. आपल्या कक्षाने पडताळणीला ऐन सप्त्यातली तारीख दिली, न आल्यास उपकरण सील करू असेही कळवले. तारीख बदलून मागितली, मिळाली नाही. गावात बरीच वादावादी झाली. शेवटी जाणते म्हणाले, "वीणा नगरप्रदक्षिणेला जातीच की. ही जरा लांबची समजा. फक्त टेकवू नका." म्हणून अर्जदार टेम्पोत मागे उभे राहून, वीणा गळ्यात घेऊन काल सकाळी नगरला आले.

४. आपल्या कक्षाच्या पाटीवर चारही विषयांचा संगम लिहिलेला आहे, पण आत टेबले चार आहेत. कलेचे टेबल म्हणाले, वायर दिसते, विज्ञानाकडे जा. विज्ञानाने विचारले, यात नवा शोध कोणता? तंत्रज्ञानाने शॉक लागत नसल्याचा दाखला मागितला. अध्यात्माचे टेबल रिकामे आहे. त्याचा चार्ज तंत्रज्ञानाकडेच आहे आणि ते साहेब म्हणतात, त्या खुर्चीवर बसल्याशिवाय त्या खात्याचे बोलता येत नाही, आणि खुर्ची मोडकी आहे. दिवसभर नुसती टोलवाटोलवी. अर्जदार उभेच.

५. काल दुपारीच आवक विभागातील श्री. रविराज यांनी वीणा मागितली. माणूस भाविक. आधी हात धुतले, वीणेला डोके टेकवले, मग शिक्का मारून ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली. म्हणाले, "फळी म्हंजी जमीन थोडीच हाय?" अर्जदार गावच्या सवयीने बेसावध राहिले. गावात कोणी वीणा मागितली तर गळ्यात घालायलाच मागतो. तेवढ्यात ज्ञानेश्वरीबाईंचा फोन आला, "दिवा गेला. आत्याबाई घास घेईनात. तुमचं काही बरंवाईट झालं का?" अर्जदाराने कपाट उघडून वीणा पुन्हा गळ्यात घातली. सप्ता मोडल्याचे त्यांनी अजून गावाला सांगितलेले नाही, आणि ते कसे सांगावे हेही त्यांना सुचत नाही. आईला मात्र रेंज गेली होती असे लिहून दाखवायला सांगितले. आईशी खोटे बोलल्याचे त्यांना फार लागले आहे.

६. तेव्हापासून नोंदवहीत "उपकरण, सोबत एक इसम" असे लिहून अर्जदारही कक्षाच्या ताब्यात धरण्यात आले आहेत. गिदोन आळीपाळीने वीणा धरतो. वॉचमनने चहा दिला, त्याचे उपकार आहेत. अर्जदाराचे पाय सुजले आहेत. ते कोणाला दोष देत नाहीत, एवढेच म्हणतात, "लई दमलो रे गिदोन."

७. आता नोटिशीप्रमाणे दोघांनी एकदम आत यायचे आणि वीणा बाकावर ठेवायची. साहेब, बाक म्हणजे पुन्हा कपाटच. उद्या सकाळी काला आहे, तोवर वीणा मंडपात पोचली पाहिजे, त्यामुळे सुनावणी टाळताही येत नाही. परवानगी द्यायची की नाही, वीणा कोणत्या टेबलाची, हे आपण ठरवावे. अर्जदाराचे त्यावर आता काही म्हणणे उरलेले नाही.

विनंती एकच आहे. निकाल देईपर्यंत वीणा आपण स्वतः गळ्यात घ्यावी. वाजवता आली नाही तरी चालेल, डावा हात नुसता पट्टीवर ठेवावा. तिकडे म्हातारीला हात कोणाचा हे कळणार नाही. कोणीतरी धरली आहे एवढे कळेल, आणि ती दोन घास खाईल.

आपल्या दाराशी उभे असलेले,
बन्सी कारभारी धनवटे
(सही वीणा आपल्या गळ्यात घातल्यावर करतील)

अहिल्यानगर, दि. ३ डिसेंबर २०२५

सोबत : कागद काही नाही. वीणा आहे, ती जोडता येत नाही, हातातच द्यावी लागेल.