चौथ्या मजल्यावरील खिडकीकडे लेन्स रोखण्याची परवानगी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मुख्य रुग्णालय.

विषय : जप्त केलेली लेन्स परत मिळणे व वाहनतळाच्या गच्चीवरून स्वतःच्या पत्नीकडे पाहू देणे.

संदर्भ : सुरक्षा विभागाची तोंडी समज, 'पुन्हा गच्चीवर दिसलात तर बघा.'

महोदय,

माझी पत्नी आपल्याकडे चौथ्या मजल्यावर विलगीकरण कक्षात आहे. जंतुसंसर्गाच्या भीतीने तिला भेटण्यास मनाई आहे, व ती रास्तच आहे. मी हौशी पक्षी-छायाचित्रकार असून माझी सहाशे मिलिमीटरची झूम लेन्स समोरच्या गच्चीवरून तिचा चेहरा स्पष्ट दाखवते.

'बायकांच्या वॉर्डात डोकावणारा इसम' म्हणून मला सुरक्षारक्षकाने पकडले. 'बायकांच्या नाही हो, बायकोच्या,' हा खुलासा त्यांना आगाऊपणा वाटला. खात्रीसाठी त्यांनी स्वतः लेन्सला डोळा लावला. मीच पाहतोय असे समजून पत्नीने त्यांना बोटे हलवून दाखवली. त्यांनी लेन्सवरून डोळा काढला. मग 'साहेब, नियम आहे' म्हणत लेन्स घेऊन गेले.

आपल्या कार्यालयाने रुग्णाची लेखी संमती मागितली आहे. कक्षात कागद नेता येत नाही, आतला बाहेर आणता येत नाही. सिस्टरनी विचारल्यावर पत्नीने मान हलवली. परंतु मान हलवणे विहित नमुन्यात बसत नाही, असे कळवण्यात आले.

व्हिडिओ कॉल करावा, असेही सुचवण्यात आले. फोनवर ती 'मी मस्त आहे, तुम्ही जेवलात का?' एवढेच म्हणते. ते खरे मानता आले असते, तर गच्ची चढलोच नसतो.

ही लेन्स फार जवळचे टिपत नाही. त्यामुळे तळ्याकाठी माझ्या शेजारी बसून डास मारणारी पत्नी कधी फोटोत आली नाही. 'अहो, तुमच्या तोफेला दिसायला मी किती लांब जाऊ?' असे ती विचारी. तो विनोद होता, याची कृपया नोंद घ्यावी.

पूर्वी ती हात डोक्यावर नेऊन हलवत असे, नंतर खांद्यापर्यंत. जप्तीच्या दिवशी फक्त बोटे हलली. अंतर तेच, काच तीच. दोष लेन्समध्ये नाही. सिस्टर सांगतात, माझ्या गच्चीवर येण्याच्या वेळेला ती अजूनही खिडकीकडे तोंड करून बसवायला लावते.

सबब, निर्णय नेहमीच्या सवडीने न होता लवकर व्हावा. मी फोटो काढणार नाही, इतर खिडक्यांकडे पाहणार नाही. हवे तर रक्षकास शेजारी उभे करावे.

आपल्या आदेशाच्या वाटेकडे डोळे लावून,

(सही)
अर्जदार, रुग्णाचा नवरा
दिनांक : आजचाच धरावा

सोबत : लेन्सची टोपी. जप्तीच्या गडबडीत माझ्या खिशात राहिली. काचेवर धूळ बसू नये म्हणून ती लावून ठेवावी, ही विनंती.