तिखट कान डॉट कॉम

२२ ऑक्टोबर २०१५, दसरा
स्वतःच्या डोमेनवर, स्वतःच्या सर्व्हरवर, स्वतःचा ब्लॉग काढायचं ठरलं. एकूण खर्च काय? पैसे किरकोळ, ते सोडा. खरं गेलं ते असं : दुकानातलं चांगलं टेबल, घरचा इन्व्हर्टर (म्हणजे बायकोचे, लीलाचे पंखे) आणि शंतनूशी फोनवर झालेलं भांडण. स्वस्तात पडलं.

कारण लिहून ठेवतो. क्रांती चौकाच्या मागं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. रस्ता रुंद होणार म्हणून भिंतीवर लाल रेघ मारून गेलेत. रेघ बरोबर माझ्या खुर्चीतून जाते. शंतनू म्हणतो, बाबा, बस झालं आता, आईला घेऊन पुण्याला या, बाराव्या मजल्यावर मस्त गॅलरी आहे. गॅलरीत बसून काय करू? कबुतरं हाकलू? शेवटी पैज ठरली. गुढीपाडव्यापर्यंत माझा ब्लॉग नीट चालला आणि शंभर वाचक झाले, तर तो इथंच मला नवा गाळा बघून देणार. नाही झाले, तर मुकाट पुणे.

पाडव्याला अजून लई वेळ आहे.

२४ ऑक्टोबर
शंतनू म्हणतो फुकटच्या ब्लॉगवर लिहा. सगळा जन्म दुसऱ्याच्या गाळ्यात काढला. शब्द तरी मालकीच्या जागेत राहू देत.

नाव ठरलं : तिखट कान. बोअरची मोटार नुसती ऐकून सांगतो, बेअरिंग गेलं का वाइंडिंग. माणसांचंही तसंच. मला, या कचरूशेठला, आजवर कुणी दुसऱ्यांदा हाक मारलेली नाही. शेजारच्या कम्प्युटर रिपेअरवाल्या जुनेदभाईला फोनवरच नाव सांगून टाकलं. इकडं ग्राइंडर चालू होता. तो काहीतरी खोदून खोदून विचारत होता, तशी सवयच आहे त्याला. मी म्हणालो, व्हय, व्हय, तसंच.

१ नोव्हेंबर
सर्व्हर आला. म्हणजे जुनेदचाच एक जुना डबा. टेबलाखाली ठेवला. शेजारी यूपीएस, त्याला घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी. बॅटरी संपत आली की तो शिट्टी मारतो, तेव्हा डबा रीतसर बंद करायचा, नाहीतर आतलं सगळं जातं. जुनेद म्हणाला, शेठ, सीटी पे कान रखना. कुणाला सांगतोय!

जाता जाता म्हणाला, रोज पॅकअप करा. त्याचं बरोबर आहे, माणसानं वेळेवर घरी जावं. आजपासून सातला शटर खाली.

११ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
ब्लॉग सुरू! पहिला लेख : 'ऐकण्याची कला'. लीलानं डब्याला हळदकुंकू वाहिलं, त्यातलं बरंचसं पंख्याच्या जाळीतून आत गेलं. शुभच आहे. जुनेदनं स्क्रीनवर एक खूण करून दिलीय, ती दाबली की ब्लॉग उघडतो. पत्ता टाइप करायची भानगडच नाही. लेखाच्या शेवटी दुकानाचा पत्ताही दिला. वाचकाला भेटावंसं वाटलं तर?

२० नोव्हेंबर
वाचक नाहीत. सोयगावच्या साडूला नाव सांगितलं, म्हणाला, दाजी, उघडत नाही. तालुक्याच्या गावाला नेट असणार कुठून? शंतनूही म्हणाला उघडत नाही. पुण्याबद्दल माझा समज जास्तच चांगला होता.

निर्धार : रोज एक लेख.

२ डिसेंबर
रोज एक लेख जमणं अवघड. धंदा जोरात आहे. बोअर आटतायत, मोटारी कोरड्या फिरून जळतायत, गावाकडून टेम्पो भरभरून येतायत. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं आणि मला जेवायला वेळ नाही. वाईट वाटतं. पण वाइंडिंग कुणीतरी भरलंच पाहिजे.

५ डिसेंबर
पहिला निरोप! कुणी नौशीन म्हणून बाई आहेत. चालीस लोगों का हो जाएगा क्या, इस जुमे को? चाळीस जणांचा वाचकगट! मी लगेच लिहिलं, जरूर हो जाएगा. दोन्ही समाजांत वाचक असलेला ब्लॉग शहरात दुसरा नसेल. शंतनूला कळवलं : चाळीस झाले.

११ डिसेंबर, शुक्रवार
वाचकगट आला नाही. दुपारी दोन माणसं मोठाली रिकामी पातेली घेऊन दारात उभी. खाली, खाली असं काहीतरी म्हणत होते. पाणी खाली गेलंय हे मला सांगायला नको. नळाला आठवड्यातून एकदा येतं तेव्हा लोक मिळेल तिथं भांडी घेऊन उभे राहतात. दोन हंडे ओतून दिले. बघतच राहिले. एवढी माणुसकी हल्ली बघायला मिळत नाही, त्याचं आश्चर्य वाटलं असेल.

१५ जानेवारी २०१६, संक्रांत
फुलंब्रीच्या गोजरबाई रोपवाटिकेची मोटार घेऊन आल्या. चालवून ऐकली. ठणठणीत. बाई म्हणाल्या, अवं शेठ, केवढी खरखर करतीय! मी म्हणालो, बाई, धंदा तुमचा का माझा?

१९ जानेवारी
गोजरबाईंची मोटार जळाली. मी म्हणालो, बोअर आटला असणार. बाई गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या : माझ्या बोअरला पाणी हाय, तुमच्या कानालाच नाय!

तोंडाळ बाई. यावर लेख लिहायचा : 'गिऱ्हाईक आणि शंका'.

९ फेब्रुवारी
शहाऐंशी निरोप! बरेचसे एकाच ओळीचे. सगळे वाचायला वेळ कुठाय, मोजून ठेवले. तीखा कम मिळेल का, असं एकानं विचारलंय. टीका थोडी सौम्य करा, असं त्याचं म्हणणं दिसतंय. विचार करतो. आपलं लिखाण झोंबतं खरं.

लीला जेवणाचा डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. म्हणाली, अहो, हे पी पी काय वाजतंय कधीचं? काहीच वाजत नव्हतं. जुनेदही भिंतीपलीकडून ओरडला, शेठ, वो बंद करो, सर दुखता! दोघांनाही आवाज येतोय. वय झालं की असे कानात आवाज येतात म्हणे. लीलाला डॉक्टरकडं न्यायला हवं.

१ मार्च
शंभर पार! पैज जिंकलो. नव्या गाळ्यावर पाटी कशी असावी याचं चित्र काढून ठेवलं. शंतनू म्हणाला, ठीक आहे, ब्लॉग दाखवा. म्हणालो, या रविवारी ये, दुकानातच दाखवतो.

६ मार्च, रविवार
शंतनू आला. खूण दाबली. काळा पडदा. सकाळी वीज गेली होती, यूपीएसची बॅटरी तर महिनाभर आधीच मेलेली. डबा झटक्यात बंद पडला. जुनेदनं उघडून बघितलं. डिस्क गेली, वरून आत कुंकू. सगळे लेख गेले. म्हणाला, बॅकअप तो होगा ना, पहलेच दिन बोला था, रोज लेना.

बॅकअप. मी रोज सातला घरी जात होतो.

ब्लॉगवरचा प्रत्येक निरोप जुनेदच्या मेलवरही जायचा, तेवढे शाबूत होते. शंतनूनं ते मोठ्यानं वाचले. नान-खलिया (म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा) का क्या रेट? बिर्याणी घरपोच मिळेल का? डिसेंबरातल्या त्या नौशीनबाईंचा : चाळीस माणसांच्या दावतीला तुम्ही पाणी पाठवलंत, शुक्रिया. मग त्यानं पत्ता वाचला. तिखट कान नव्हतं. तिखट खान. कानातल्या के नंतर एच, आणि लोकांना वाटलं कुणा खानाची खानावळ.

जुनेदचा चेहरा पडला. म्हणाला, शेठ, मैं तीन बार पूछा, एच लगता क्या. आप बोले, व्हय.

शंतनू हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

७ एप्रिल, उद्या पाडवा
परवा सामान पुण्याला न्यायला टेम्पो येतोय. टेस्टिंगचा बोर्ड आणि ग्राइंडर जुनेदला दिला. जायच्या आधी लीलाचे कान दाखवावेत म्हणून तिला दवाखान्यात नेलं. बाकावर बसून कंटाळलो. लीलाला म्हणालो, काय कारभार आहे, इतका वेळ झाला, कुणाला हाक म्हणून मारत नाहीत. तिनं माझा हात धरून मला उठवलं. केसपेपर माझ्या नावानं काढला होता.

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवलं. खुणेनंच सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. बराच वेळ गेला. मी म्हणालो, आधी सुरू तर करा.

सुरूच होतं.

डावा कान गेलेला आहे. उजवा अर्धा. ग्राइंडरमुळं असेल म्हणाल्या, हे लीलानं मला उजव्या बाजूला येऊन सांगितलं. आणखी एक सांगितलं.

बाहेर माझं नाव तीनदा पुकारलं होतं.