पदराआडचं हसू

रुद्राणी,
थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, जरा मन मारूनच.

तुझा लंडनचा नातू ओंकार मालिकांतून सिनेमात गेला. तू जिंतूरभर पेढे वाटलेस आणि "माझ्याच वळणावर गेलाय" म्हणत फिरायलीस. ऐकून लय जळले बाई.

काल नातीनं मोबाइलवर तो सिनेमा दाखवला. ओंकार साहेबाच्या कोटात होता, पण हसताना बाही तोंडावर धरली. त्याच हसण्याचं तिकडं कौतुक चाललंय म्हणे. लहानपणी एका सुट्टीत तो पूर्णेला माझ्याकडं होता. पुढचा दात पडल्यापासून पदर तोंडावर धरून हसते ती मी. तुझे तर सगळे शाबूत हायत!

नातीकडून लिहवून घेतलं, पण धाडत न्हाई. वाचलंस तर उद्याच दात पाडून घ्यायचीस.

तुझी,
भागम्मा