चार वाजताची भरती

मस्कत, रविवार

बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. हॉस्पिटलची ड्युटी सध्या हलकी आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

तुमची नात फोनवर जाम चिडली होती. वेसाव्याच्या धक्क्यावर रोज चारच्या ठोक्याला बांबू बुडवून पाणी मोजते आणि पाणी रोज कमीच भरतं म्हणे. "आई, आजोबांना माहितीये, पण सांगतच नाहीत!"

नकाच सांगू. मलाही असंच उभं केलं होतंत ना? भरती रोज पाऊण तास उशिरा येते, हे माझं मला कळलं, त्या दिवशी तुम्ही स्वतः बोंबील तळून भरवलेत. इथे तसे मिळत नाहीत.

माझी सुट्टी परत पुढे गेली, बाबा. हर्षालीला एवढ्यात बोलू नका. तिचं कोडं सुटलं की सांगा. उशिरा येणारं येतंच, हे तेव्हा तिने स्वतः मोजलेलं असेल.

तुमचीच,
कल्पिता